माघारीच्या कागदावरची सही

...आणि मला सांगा, अर्ज माझा, फोटो माझा, नाव माझं, आणि माघार घ्यायचं ठरलं कुठं, तर दूध संस्थेच्या कट्ट्यावर चार गड्यांच्यात, मी इकडं भाकरी थापत असताना... याला काय म्हणायचं हो?

तुम्हाला सांगते, सरपंचपद बाईला राखीव निघालं तेव्हा आमच्या ह्यांना, बाळासोंना, दोन दिवस जेवण गेलं नाही. पाच वर्षं गावात बारसं नाही सोडलं, बारावं नाही सोडलं, आणि हे असं. माणसं भेटायला येत होती, मी चहा करत होते. तिसऱ्या दिवशी गटाचे पुढारी विजयसिंहआबा आले, चहा प्याले, कप देताना बाजारात म्हैस पारखावी तसं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "वैनी हाईत की घरात. वैनी, तुमी काय करायचं न्हाय. फक्त सही करा."

केली. आजवर कुठं नाही केली? आजऱ्याला भावानं साडी नेसवली, जेवू घातलं आणि "आक्का, फक्त सही कर" म्हणून बापाच्या रानातला माझा हक्क सोडायला लावला. साडी पहिल्या धुण्याला विटली.

पण ही गडीमाणसं चुकली ती एकाच ठिकाणी, मला प्रचाराला पाठवलं. "हात जोडायचं, बोलायचं न्हाय." आता बायकांनी विचारलं, वरच्या आळीला पाणी कधी येणार, तर नुसते हात जोडून कसं भागेल? बोलले मी. आणि ऐकलं की हो बायकांनी...

मग माघारीच्या दिवशी ह्यांनी गाडीवर घालून गडहिंग्लजला तहसील कचेरीत नेलं. "एक कागद ऱ्हायलाय. फक्त सही करायची." मी पिशवीतनं चष्मा काढून लावला. "वाचत काय बसलीस, तीनला बंद हुतंय!" आता दहावी झालेल्या बाईला चष्मा लावल्यावर वाचता येतं, त्याला मी काय करू? 'उमेदवारी स्वखुशीने मागे घेत आहे.' माझी खुशी, आणि मलाच ठाऊक नाही?

आबा कानाशी आले, "तडजोड झालीया, वैनी. सरपंच समोरच्या गटाची, दूध संस्थेचं चेअरमनपद बाळासोला. तुमी फक्त सही करा."

साहेबांनी विचारलं, "बनाबाई, स्वखुशीनं ना?"

"व्हय सायेब, स्वखुशीनंच," हे म्हणाले.

साहेब ह्यांना म्हणाले, "बनाबाई तुम्ही का?"

मी पेनाला टोपण लावलं, पेन ह्यांच्या खिशाला अडकवलं आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. आबा गोड बोलले, मग तापले. हे म्हणाले, "गावात मला तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल का गं?" मी म्हटलं, "तीन वाजले का बघा."

वाजले. लढले, आणि एकवीस मतांनी निवडून आले.

आता गाव म्हणतंय, बाई साध्या दाखल्याला अर्धा तास लावते. लावणार. बिनवाचता केलेल्या सह्यांची भरपाई कधी करायची मग? फक्त एक आहे, आमच्या घरात माझा चष्मा रोज हरवतो, अगदी मासिक सभेच्या सकाळी नेमका. भांडून उपयोग नाही हो... मी आपले दोन करून घेतलेत. एक वाचायला, एक ह्यांना लपवायला.