दादाची वीत

लढाई नेमकी लागते तरी कशावरून हो? नाही, मला कुणीतरी सांगा! दादा गेल्याची तार आल्यापासून विचारतोय, आणि तुम्हाला सांगतो, एक माणूस सरळ उत्तर देईल तर शपथ! आमचा दादा, गहिनीनाथ, रणगाड्यावर होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात सरहद्दीवर गेला. देह घरी आला नाही, आली ती पत्र्याची पेटी... आणि पेटीच्या पाठोपाठ आले भाषणवाले!

नगरहून एक पुढारी आले. फोटोला हार घातला आणि सुरू, "बंधूंनो, हा लढा तत्त्वांचा आहे!" मी मधेच उभा. म्हटलं, साहेब, पण कशावरून? मागून कुणीतरी सदरा ओढून मला खाली बसवलं. मग हेडमास्तरांना धरलं. मास्तर चष्मा पुसत म्हणतात, "सहादू, सगळ्या महायुद्धांचं मूळ एकच. बाजारपेठा, कच्चा माल आणि आपसातले करार. ह्याचा दोस्त तो, त्याचा दोस्त तिसरा... दोघं भांडले की जग ओढलं जातं."

अहो, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलंच होतं की! आमच्या पारावर तर तिसरं महायुद्ध लागून संपलंसुद्धा! त्याच अमेरिकेचा लाल गहू आम्ही रेशनला रांगा लावून खाल्ला, आणि दादाच्या समोरचा रणगाडा कुणाच्या कारखान्यातला? त्यांच्याच! म्हणजे एकाच दुकानातून आम्हाला गहू आणि दादाला तोफगोळा? पण कशावरून? मास्तर म्हणाले, "तो वरच्या इयत्तेचा विषय आहे." चौथीत शाळा सोडलेल्याला हे सांगतात!

बरं, दहावा आला. प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना! समोरच्या बाभळीवर बसलाय, पण ढुंकून बघेना. आई पदर पसरून म्हणते, "गहिनी, तुजं लगीन ऱ्हायलं रं! सहादूचं करते, ये!" कावळ्यानं पाठ फिरवली. सरपंच पुढं झाले, "तुज्या नावाची कमान बांधू!" कावळा आणखी वरच्या फांदीवर. आबा, म्हणजे आमचे सख्खे चुलते, म्हणाले, "पोराचा जीव कशात अडाकलाय, काय कळंना बा."

मला कळत होतं. मला एकट्यालाच.

आता तुमच्यापासून काय लपवायचं... आबांचं रान आमच्या रानाला लागून. पेरणीआधी मी नांगर जरा तिरका धरला आणि मधला बांध वीतभर कोरला, हद्दीचा दगडही तेवढाच आबांकडं सरकवला. कशावरून म्हणाल, तर कशावरूनच नाही! नांगर माझ्या हातात होता आणि आबा गावाला गेले होते, म्हणून! वर मोठ्या ऐटीत दादाला कळवलं. त्याचं शेवटचं पत्र आलं, "बांध हुता तिथं ने. सुट्टीवर आल्यावर वीत लावून बघीन." पत्र बंडीच्या खिशात दडवलं. म्हटलं, येईल तेव्हा बघू...

ऊन डोक्यावर आलं. भाऊबंद उपाशी. सगळ्यांच्या नजरा त्या बाभळीवर, आणि आबा माझ्या शेजारीच उभे! शेवटी ओरडलोच, "दादा, व्हय, बांध मी कोरला! वीतभर! उद्या हुता तिथं नेतो!"

कावळा सरळ खाली आला आणि शिवला. आईनं हंबरडा फोडला. आणि आबा? भर दहाव्यात पटका सावरत म्हणतात, "व्हय रं बेण्या, तरी म्हणलं, यंदा कडंची एक ओळ बसंना कशी!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुदळ घेऊन गेलो. बांधावरचा दगड उपटला, वीत मोजली, होता तिथं रोवला, माती सारखी केली. आबा कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणतात, "गहिनीची वीत तुज्याहून मोठी हुती. अजून चार बोटं घे तुज्याकडं."

कशावरून, ते मी विचारलंच नाही. दगड पुन्हा उपटला, आणि चार बोटं आमच्या रानात सरकवून दादाच्या वितीनं रोवला.