पाठमोरी खुर्ची

माझं माहेर डिंगोऱ्याचं. घरात चार भाऊ, चौघंबी कबड्डीवाले, आणि मी एकटी पोरगी, मला मैदानाच्या आसपास फिरकू देत नव्हते. पण आमचे वडील, आबा, म्हणायचे, खरं तर हिलाच चढाईला धाडा, ही बोलायला लागली की हिचा दम काय तुटत न्हाई. सगळे हसायचे, मीबी हसायचे. तवा कुठं ठाऊक व्हतं की पुढं आयुष्यात तेवढाच एक गुण कामाला येणार हाये. सोयरीक आली कळंबची. पोरगा काय करतो, तर कांद्याची वखार बघतो आणि डावा कोपरा खेळतो. आबांनी वखारीचं काय विचारलं न्हाई, कोपऱ्याचंच विचारलं. झालं, आले मी कळंबला.

काय सांगू तुमाला ताई, पंचवीस वर्षं मी कबड्डीच्या मैदानात पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले. पुढाऱ्याला नसंल असा माझा मान. आणि त्या पंचवीसातली सतरा वर्षं माझी पाठ मैदानाकडं व्हती. हसा, हसा. माझी सूनबी हसते.

त्याचं असं झालं. लग्नाचं पहिलंच वरीस, कळंबची जत्रा, आमी बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून सामना बघतोय. आमचे नऊ गुणांनी मागं. समोरचा एक रेड्यासारखा गडी चढाईला आला आणि आमच्या ह्यांनी त्याचा पाय धरला. धरला तो धरला, वरनं बाकीचे तिघं पडले, हे सगळ्यांच्या खाली. मला काय सोसंना. मी गर्रकन मागं वळले, जावेच्या पदरात तोंड खुपसलं आणि डोळं मिटून देवाचं नाव घ्यायला लागले. सामना संपेस्तवर मी काय तोंड वर काढलं न्हाई. काढलं तवा गुलाल उडत व्हता. जिंकलो की आमी!

आता माझं हे वळणं कुणाच्या ध्यानात येऊ नये, पण आलं. दत्ता भाऊजींच्या. दत्ता भाऊजी म्हंजे माझे धाकटे दीर, संघाचे मॅनेजर. मॅनेजर कसे, तर ते आयुष्यात एकच चढाई खेळले, तिच्यात पहिल्या पावलाला बाद झाले आणि तिथून पुढं दुसऱ्यांना शिकवायला लागले. त्यांच्या पिशवीत नारळ, लिंबू, हळदीची पुडी आणि एक जुनं घड्याळ, ते कधी चालू असायचं कधी न्हाई. टेम्पोत कोण कुठं बसायचं, मैदानात उजवा पाय कुणी आधी टाकायचा, सगळं भाऊजींच्या हातात. पुढल्या सामन्याला भाऊजी सकाळीच दारात. वहिनी, चला. म्हटलं कुठं? म्हणले, मंचरला सामना हाये, तुमी फक्त पाठ करून बसायचं, बाकी आमी बघतो.

आणि खरं सांगू का, मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? नवी सून मी, घरात मला कोण विचारत नव्हतं, आणि इथं टेम्पोच्या केबिनीत डायवरशेजारी जागा, पोचल्याबरोबर गोटी सोडा, आणि खुर्ची. लोखंडी, घडीची. भाऊजी ती स्वतः उलटी मांडायचे. अख्खा गाव मैदानाकडं तोंड करून आणि मी एकटी गावाकडं तोंड करून. बारकी पोरं विचारायची, काकू उलट्या का बसल्यात? त्यांच्या आया सांगायच्या, गप, काकूंमुळं आपण जिंकतो. आता पाठ करूनबी आमी हरायचो, न्हाई असं न्हाई. मंग भाऊजी यायचे, कमरेवर हात, वहिनी, मधीच बघितलं असंल तुमी. मी शपथा घ्यायचे. मंग म्हणायचे, बघितलं नसंल तर बघायचं मनात आलं असंल. आता मनात आलेलं कुठं नाकारता येतं का?

पण सामना मला कळायचा बरं का. पारसशेठमुळं. पारसशेठ घोडेगावचे कापडवाले. मूळचे राजस्थानकडचे जैन, पण तीन पिढ्या इथं, घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी आमच्यासारखं, आणि माइकवर असं शुद्ध की मास्तरानं कान धरावा. अंगानं किडकिडीत, कबड्डी कधी खेळले न्हाईत, पण तालुक्यात त्यांच्याशिवाय सामना उभा राहायचा न्हाई. कळंबची चढाई, डावीकडून प्रवेश, निदानरेषा ओलांडली, बोनसकडे नजर, अरे वा, पायाची चपळाई पाहा! माझी खुर्ची नेमकी त्यांच्या टेबलाशेजारी असायची. पुढं पुढं त्यांना माझी कीव आली असावी, कुणाचा सदरा फाटला, कोण घसरलं, पंचानं शिट्टी कशी तोंडात धरली, असलंबी सांगायला लागले. लोकांना वाटायचं शेठ किती बारीक सांगतात. ते माझ्यासाठी असायचं. कानात शेठ, आणि डोळ्यांसमोर पाचशे माणसांची तोंडं. चढाई आत गेली की सगळी तोंडं अशी उघडायची, पकड झाली की मिटायची. मी कबड्डी बघितली ती लोकांच्या तोंडांवर.

अशी आठ वर्षं आमचे हे खेळले. मंग एका सामन्यात गुडघा गेला. आवाज झाला, कट्ट. तो मी ऐकला, बघितला न्हाई. डॉक्टर म्हणले, आता बास. त्या दिवशी घरी आल्यावर गुडघ्याला शेक देता देता एकदम माझ्या ध्यानात आलं, की बाई, ह्या माणसाची डावी पकड सगळा आंबेगाव जुन्नर वाखाणतो, आणि मी ह्यांची बायको, मी ती एकदाच बघितली, तीबी अर्धी. आता ती पुन्हा व्हणार न्हाई. हे कधीच जास्त बोलत न्हाईत, त्यांच्या वाटणीचंबी मीच बोलते.

मंग आमची अश्विनी खेळायला लागली. बापाचा गुडघा गेला तवा ती बारकी व्हती, पण बापानं अंगणात चुन्यानं रेघा मारून तिला शिकवली. गावात पोरींचा संघ उभा राहिला. मॅनेजर कोण? दत्ता भाऊजी. खुर्ची कुणाची? माझी. म्हंजे पोरीला काय येतं, काय न्हाई, हे गावाला ठाऊक आणि मला पारसशेठकडून.

आता मुद्द्याचं सांगते. घोडेगावच्या स्पर्धेत आमच्या पोरी फायनलला गेल्या. तो कप कळंबला कधी मिळालाच नव्हता, ना पोरांना ना पोरींना. सकाळी मी अश्विनीची वेणी घालतेय, घट्ट, दोन पेडी, वर रिबीन. ती म्हणली, आई, आज तू बघणार हायेस का? मी म्हटलं, अगं, तुझे काका रागावतील. ती म्हणली, काकांचं मी विचारलंच न्हाई. मी रिबीन आवळली. मंग म्हणली, सगळ्या पोरींच्या आया बघतात. मी चढाईला जाताना एकदा वळून बघते, तर माझ्या आईचा अंबाडा दिसतो. ताई, मी फणीतले केस काढत बसले. मी म्हटलं, आज कप येऊ दे, पुढच्या वेळी बघते. ती म्हणली, पप्पांनाबी असंच म्हणली असशील. आणि पिशवी उचलून गेली.

फायनल दुपारी तीनला व्हती. पण पाव्हणे म्हणून बोलावलेले पुढारी आले पाचला, मंग सत्कार, मंग भाषण, सामना उभा राहिला तवा ऊन उतरायला लागलं व्हतं. मी माझ्या उलट्या खुर्चीत, तोंड पश्चिमेला. पहिला अर्धा भाग लई भारी झाला, शेठ नुसते पेटले व्हते. कळंबची अश्विनी, एक गडी बाद, दुसरी बाद, परत! मी पदराआड हसत व्हते. उत्तरार्धात समोरच्यांनी लोण चढवला, आमचा अख्खा संघ बाद, आणि आमी मागं पडलो. आणि ऐन रंगात शेठ माइक ठेवून उठले! त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत, नेमच तो, घरचा पोऱ्या सायकल घेऊन बोलवायला आलेला. माझ्याकडं वाकून म्हणले, वहिनी, दोन घास खाऊन आलोच, दुकान समोरच आहे. आणि माइक दिला कुणाला? दत्ता भाऊजींना.

अहो, माइक म्हंजे काय भाऊजींना वाटलं काय ठाऊक! चल अश्विनी, चल, चल! अगं पाय, पाय! पंच, ते काय झोपलेत का? हाण! न्हाई न्हाई, माघारी ये! कोण कुठं हाये, कोण बाद हाये, गुण किती, काय पत्ता लागंल तर शपथ. आणि समोर बघावं तर मावळतीचं ऊन थेट माझ्या डोळ्यांत, एक तोंड धड दिसंना, नुसती काळी डोकी. कान गेले आणि डोळेबी गेले. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी खरोखर आंधळी बसले व्हते.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, शेवटची चढाई, दोन गुणांनी मागं! सगळं मैदान गप झालं. भाऊजीसुद्धा. आणि त्या गप्पपणात मला आवाज आला. कबड्डी कबड्डी कबड्डी. माझ्या पोरीचा दम. घरी भाकरी मागणारा तोच आवाज, पण असा ताणलेला, असा बारीक, मी कधी ऐकलाच नव्हता, कारण वरनं कायम शेठचा माइक. माझ्यासमोर आमचे हे उभे, उन्हात त्यांचं तोंड दिसंना, पण बोलले. म्हणले, अगं, बघ की.

मी वळले.

खुर्चीसकट वळले ताई, खुर्ची घडी होऊन पडली, पदर अडकला, भाऊजींनी माइकवरच अहो वहिनी असं केलं, पण मी बघितलं ते बघितलं. पोरगी डाव्या अंगानं आत घुसली, बापाच्याच कोपऱ्यातनं, खांदा खाली, हात साप फिरावा तसा. एकीला पायानं शिवली. दुसरी पुढं आली, तिच्या मनगटाला हात लावला. आणि माघारी वळली तर तिसरीनं कंबर धरली, चौथीनं घोटा, पाचवी अंगावरच पडली. तीन पोरी अंगावर आणि ती सरकतेय! कोपरावर सरकतेय, वेणी सुटलेली, मातीत तोंड, पण दम चालू, कबड्डी कबड्डी. मधली रेघ हातभर राहिली. मंग वीतभर. बोट टेकलं की शिवलेल्या दोन आणि धरलेल्या तीन, पाच गुण, पाच! मी ओरडत व्हते का रडत व्हते मला सांगता येणार न्हाई. वीतभराची चार बोटं झाली, आणि दम तुटला. शिट्टी वाजली.

हरलो.

भाऊजींच्या हातात माइक चालूच. आणि त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, वहिनी, बघितलंत ना तुमी? अख्ख्या घोडेगावानं ऐकलं. बसस्टँडपातुर गेला असंल आवाज. मी पडलेली खुर्ची उचलायला वाकले. तेवढ्यात अश्विनी आली, कोपर सोललेलं, रक्त आणि माती एक झालेली, धापा टाकतेय. माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणली, आई, बघितलंस?

एकच प्रश्न व्हता ताई, दोघांचा. मी पोरीला उत्तर दिलं. म्हटलं, बघितलं. त्या राहिलेल्या चार बोटांसकट बघितलं.

मंग पारसशेठ आले धावत, धोतराचा सोगा हातात, मिशीला ताकाचा थेंब. काय झालं, काय झालं? कुणी सांगंना. पोरी रडतायत, भाऊजी माइक टेबलावर टाकून खांबाला डोकं टेकून उभे, गावकरी चपला शोधतायत. शेठचं तोंड एवढंसं झालं. म्हणले, वहिनी, तुम्ही तरी सांगा, मी शेवटची चढाई चुकवली हो. आता सतरा वर्षं ज्यानं मला सांगितलं त्याला न्हाई कसं म्हणू? टेबलापाशीच उभी राहिले आणि सांगायला लागले. डाव्या अंगानं घुसली इथपासून. हात कसा फिरवला, घोटा कुणी धरला, माती कशी उडाली. माइक चालू हाये हे ना मला ठाऊक, ना शेठच्या ध्यानात. सांगता सांगता वर बघितलं तर निघालेली माणसं थांबलेली. सायकलीच्या हँडलवर हात, कडेवर पोरं, आणि ऊन मावळलेलं, आता सगळ्यांची तोंडं लख्ख दिसत व्हती. माझी पाठ पुन्हा मैदानाकडंच व्हती बघा. पण त्या तोंडांवर आता माझी चढाई चालली व्हती. मी वीतभर म्हटलं की तोंडं उघडली, चार बोटं म्हटलं की कुणी श्वास घेईना. आबा म्हणायचे ते खरं, माझा दम काय तुटला न्हाई. संपलं तवा टाळ्या पडल्या. समोरच्या गावच्या पोरींनीबी वाजवल्या.

भाऊजी चार महिने माझ्याशी बोलले न्हाईत. चहा प्यायचे, पण जावेला सांगून मागायचे. मी मात्र त्या दिवसापासनं खुर्ची सरळ लावते. कधी जिंकतो, कधी हरतो, आधी जेवढं हरत व्हतो तेवढंच. अश्विनी आता सासरी, तिकडच्या शाळेत पोरींना शिकवते, तिच्या कोपराला वण हाये, मी गेले की पहिला तो बघते. शेठच्या दुकानात गेलं की कापड राहतं बाजूला, वहिनी, ती चढाई सांगा. सांगते. दर वेळी थोडी लांबते, आता चार बोटांची दोन झालीत, पण शेठ काय टोकत न्हाईत.

आणि भाऊजी? ते तर ऐकण्यासारखं हाये. म्हणले, कुणीतरी पाठ करायलाच पाहिजे, वहिनी तर बिघडल्या. आता ती उलटी खुर्ची तेच घेऊन बसतात, माझ्या शेजारी, मांडीवर नारळ. मैदान तापलं की मला कोपर मारतात, वहिनी, कोण गेलं आत? काय झालं? सांगा की. मी म्हणते, बसा निवांत भाऊजी, तुमाला सुखाचं आयुष्य लाभो, हलू नका, सांगते सगळं.