ज्या साली कोणी थकलंच नाही

माझा बाप पांढुर्ण्याच्या जिनिंगात कापसाच्या गठाणी वाहे जी, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, तेही खेळाच्या सरांनी धरून ठेवलं म्हणून. सर भोपाळकडचे, हिंदी बोलत. ऐंशीनंतरची ती वर्षं, सरांनी मैदानावर सर्किट आणलं. काय सांगू तुम्हाले, गोलात एका जागी दोरीच्या उड्या, पुढे दंड, पुढे रेतीचं पोतं खांद्यावर घेऊन धावणं, मग बैठका, आणि मधात थांबायचंच नाही. सर म्हणत, रुको मत, नाक से साँस लो. कबड्डीत मग आम्हाले कोणी धरूच शकत नव्हतं. नदीपलीकडच्या सावरगावचे पोट्टेही त्यातच, विठ्ठलही त्यातच. पुढे माझी बहीण शांता त्यालेच दिली.

आता गोटमार तुम्ही ऐकलीच असंल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. सावरगाववाले राखतात, आम्ही तोडायले जातो, आणि दोन्ही काठांवरून गोटे. दरवर्षी दुपार कलली का हात गळतात, गोटे अर्ध्यातच पाण्यात पडतात, मग जाणती माणसं समजोता करतात. पण त्या साली दोन्हीकडे सर्किटचेच पोट्टे, कोणी थकूनच नाही राहिलं. दिवस कलला तरी गोटे तसेच सुसाट. कोणाचा जबडा गेला, कोणाचं कपाळ उघडं पडलं, पाणी लाल. सर काठावर डोकं धरून बसले, म्हणे मैंने ये किसलिए सिखाया था.

शांतानं पोळ्याच्याच दिवशी सासरहून निरोप धाडला होता, भाऊ, झेंडा ने नाही तं नको नेऊ, पण माझ्या माणसाले घरी आणून दे.

मी कुऱ्हाड घेऊन झाडापाशी पोचलो तं समोर विठ्ठल. हासून म्हणे, काय साळेबुवा, चहा तं घरीच पाजला असता. मी म्हटलं, बाजूले हो बे, शांता वाट पाहून राहिली. तो म्हणे, झाड सोडून गेलो तं गावात तोंड कसं दाखवू. मी बुंध्यावर घाव घालून राहिलो, तो मले ढकलून राहिला, तेवढ्यात आमच्याच काठावरून गोटा आला आणि त्याच्या डोळ्यावर बसला. तो पाण्यात गेला. झाड एका घावाचं राहिलं होतं, मागून आमचे लोक ओरडून राहिले, तोड, तोड. मी कुऱ्हाड फेकली, त्याले रेतीच्या पोत्यासारखा खांद्यावर घेतला आणि सावरगावच्या काठाकडे धावलो. आता आमच्याच लोकांचे गोटे माझ्या पाठीवर, वरून शिव्या, गद्दार, बहिणीचा गुलाम. एक फासळी मोडली ते मले ऐकू आलं. नाकानं श्वास घेतला, थांबलो नाही. काठावर शांता उभी होती, तिच्या पायापाशी त्याले ठेवला.

डोळा गेला, माणूस राहिला. माझी पाठ थंडीत अजून बोलते. सरांच्या कृपेनं बी.ए. झालो, खेळाचा मास्तर झालो, आता रिटायर झालो, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर येतोच. विठ्ठल एका डोळ्यानं पाहत शिटी वाजवतो, आणि आम्ही पोट्ट्यांले सकाळपासून सर्किटात असं फिरवतो का दुपारी नदीकडे पाय वळत नाही. ते म्हणतात, मास्तर, मारून टाकता का. मी म्हणतो, थका लेकहो, चांगले थका, अन् आपापल्या घरी जा. सुखी राहा.