एकाच पोटच्या आम्ही दोघी

भंतेजी, आणि इथे जमलेल्या माझ्या माणसांनो,

माईक हातात घेतलाय खरा, पण आवाज किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. सावनेरच्या कापसाच्या जिनिंगमधल्या तुम्ही साऱ्याजणी कामाचा खाडा पाडून आमच्या या नागपूरच्या विहारात आल्या आहात. मघाशी दारात तुमच्यातली एक बाई मला पाहून थबकली आणि एकदम रडायलाच लागली. मला समजलं. रत्ना माझी जुळी बहीण. ती ठणठणीत असती तर अशीच दिसली असती.

ठणठणीत असती तर.

आम्ही जन्मलो तेव्हा माय फार अशक्त झाली होती. दोघींना पुरेल एवढं दूध नव्हतं. नागपूरची मावशी बाळंतपणाला आली होती, तिला मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, एक मला दे. त्या वेळी तिच्या मांडीवर मी होते. बस, एवढंच. मांडीवर रत्ना असती, तर आज त्या फोटोला घातलेला हार माझा असता आणि इथे ती बोलत असती. माझ्यापेक्षा चांगलं बोललीही असती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मायकडे जायची. लहानपणी आम्ही एकमेकींचे फ्रॉक घालून सगळ्यांना फसवायचो. मायसुद्धा फसायची. मग एका उन्हाळ्यात माझा फ्रॉक तिच्या गुडघ्याखाली लोंबायला लागला. मी मावशीकडे दूधभात खाऊन वाढत होते, ती उरलंसुरलं खाऊन शेतावर जात होती. तिने कमरेला सुतळी बांधली आणि म्हणाली, "चाल वं, कोणाले समजते?"

सगळ्यांना समजलं. पुन्हा आम्ही तो खेळ खेळलो नाही. रत्ना, मला तो अजून खेळायचा आहे वं.

पुढे मी शाळेत शिकवू लागले. ती लग्नानंतर जिनिंगमध्ये लागली. दिवसभर नाकातोंडात कापसाची धूळ, घरी आली की चुलीचा धूर, आणि सगळ्यांची ताटं झाल्यावर मग स्वतःचं. तिच्या लेकीच्या, करुणाच्या लग्नात पाहुण्यांपैकी एकाने मला विचारलं, "मॅडम, ह्या तुमच्या आई का?" रत्ना हसली. म्हणाली, "हो, मीच माय हिची. लय लाडाची आहे, सांभाळा हिले." मग मागच्या अंगणात तिने माझा हात धरला, आपल्या हाताशेजारी ठेवला आणि किती वेळ बघत राहिली. "बोटं तं सारखीच आहेत वं आपली," म्हणाली.

मागच्या वर्षी तिला जिना चढवेना. मी तिला इथे डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मला विचारलं, "आईंना कधीपासून दम लागतो?"

"आई नाही. जुळी बहीण."

बाई आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घाई न करता समजावून सांगितलं. लहानपणची उपासमार, धूर, धूळ, रोजची उद्याची धास्ती, हे सगळं अंगात मुरत जातं. हाडं, फुप्फुसं, काळीज, सारंच वेळेआधी थकतं.

रत्नाने विचारलं, "म्हंजे माह्या रक्तात खोट नाही न?"

"नाही. तुमचं आणि यांचं रक्त एकच."

मला वाटलं, ही आता रडेल. ती तर ताठ बसली. "मंग माही पोरगी वाचू शकते," म्हणाली.

करुणा तेव्हा गरोदर होती आणि त्याच जिनिंगमध्ये कामाला जात होती. दुसऱ्या दिवशी रत्नाने तिचं काम बंद केलं आणि तिला आपल्या घरी आणलं. दादाराव, तुम्ही रत्नाचे नवरा असून तिने तुमच्याआधी पोरीचं ताट वाढलं तेव्हा तुम्ही रागावला होता. मग तुम्हीच रोज दूध आणू लागलात. हेही आज सांगायला हवं. आणि तुम्हा बायांना ती धापा टाकत गेटवर गाठायची. "काहून अंगावर काढून राहिल्या वं? छाती दाखवून या." तुमच्यापैकी किती जणी तिच्यामुळे तपासायला गेल्या, तुम्हालाच ठाऊक.

नात झाली. गुटगुटीत. दवाखान्यात मी तिला रत्नाच्या कुशीत दिलं आणि म्हणाले, "बघ, आपल्यावरच गेली." नाकाला ऑक्सिजनची नळी, तरी मला दटावलं तिने. "आतापासून नको सांगू कोणावर गेली. जगू तं दे तिले आधी."

नंतर ती फार दिवस राहिली नाही. म्हातारपणी दोघींनी अंगणात बाज टाकून बसायचं ठरलं होतं. केस पांढरे झाले की पुन्हा सारख्या दिसू, असं मला उगीच वाटायचं. आता म्हातारी मी एकटीच होणार. आरशात कोणाला बघू, सांगा ना?

चला, उभे राहू या. थोडा वेळ शांत राहू या रत्नासाठी. करुणा, बाळ रडलं तर बाहेर नको नेऊ. रडू दे तिला. मोकळ्या छातीने रडू दे.