गायरानाचं कुंपण

अरे ऐका ना, शेंद्र्याच्या बसमध्ये माझ्या पुढं सरपंचाचा सार्थक मोठ्यानं इतिहास घोकत होता, आन् शेजारी त्याच्याच गावची शेळ्यावाली सरूआजी.

“काय वाचतो रं?”

“जुन्या काळी विलायतेत लोकांनी बंड का केलं ते.”

“का केलं?”

“जमीनदारांनी गायरानाला कुंपण घातलं. जनावरांना चाराच उरला नाय.”

“तुझ्या बापानं तारेचं घातलं तसं?”

“पप्पांचं वेगळंय आजी, ते विकासासाठी हाय.”

“व्हय, जमीनदारबी तसंच म्हणले असतील. मग?”

“मग लोकांनी मिळून कुंपण तोडलं.”

“कशानं?”

“ते पुस्तकात नाय. तुझ्या पिशवीत काय वाजतंय?”

“पक्कड हाय, शहागंजच्या बाजारातून घेतली. तू वाच बाळा, जोरात वाच. समदी बस आपल्याच गावची हाय.”