अकरा वेळा

तस्कीन : या तपासणीच्या अहवालावर सही करणार नाही, मॅडम. आधी ती ओळ खोडा.

शैलजा : कोणती?

तस्कीन : ‘निरर्थक हालचाली वारंवार.’ बाहेर नर्सबाईंनी वाचून दाखवली. तेवढ्या ओळीवर माझी नाझनीन गतिमंदांच्या वर्गात जाईल. तिला ऐकू येत नाही, बाकी काही नाही. बहिऱ्या मुलांच्या वर्गात खुणा शिकवतात, तिथे बसवायचंय तिला.

शैलजा : अम्मा, वीस मिनिटांत तिने उजवा हात अकरा वेळा पुढेमागे केला. मी मोजलं आहे.

तस्कीन : मोजलंत बरोबर. मला विचारलं नाहीत. ते ‘अब्बा’ आहे.

शैलजा : वडील खेळणी करतात ना? चन्नपट्टणचे लाकूड कातायचे लेथ मी पाहिले आहेत. मोटारीच्या लेथवर हात असा चालत नाही.

तस्कीन : मोटार शेजाऱ्यांकडे. आमचा अजून दोरीचा. काठीला दोरी बांधलेली, दिवसभर ओढायची नि सोडायची. तीन वर्षं पोरीने बापाचा तोच हात पाहिलाय.

शैलजा : शक्य आहे. परंतु आयांना प्रत्येक हालचालीत शब्द दिसतो, हेही मी पाहिलेलं आहे.

तस्कीन : मग तपासा.

शैलजा : तपासेन, माझ्या अटींवर. तुम्ही तिच्या मागे बसायचं, हलायचं नाही. तुमच्या फोनमधले फोटो मी दाखवणार, क्रमही माझा. वडिलांचा लेथशिवायचा फोटो हवा, आणि नुसत्या लेथचाही.

तस्कीन : आणि ती चुकली तर?

शैलजा : ओळ राहील.

तस्कीन : दाखवा.

(बारा फोटो दाखवून झाल्यावर.)

शैलजा : लग्नातले वडील तीनदा दाखवले, तिन्ही वेळा हात हलला. नुसत्या लेथला एकदाही नाही. मात्र या माणसालाही एकदा हलला. हे कोण?

तस्कीन : माझा भाऊ. ईदला यांचाच शर्ट घालून बसला होता मेला.

शैलजा : म्हणजे ती चुकली.

तस्कीन : ...हो. चुकली.

शैलजा : निरर्थक हालचाल चुकूच शकत नाही, अम्मा. चुकायला आधी अर्थ लागतो. ओळ खोडली. अशा खुणा किती आहेत?

तस्कीन : एकोणतीस. तारखेसकट वहीत आहेत, उर्दूत.

शैलजा : वाचा, मी लिहून घेते. ‘अम्मा’ची खूण कितवी?

तस्कीन : ती नाही यादीत. मी कायम समोरच असते, तिला अजून लागलीच नाही.