जंगलात जायची रंगीत तालीम

हसू नका, पण आठवडाभर माझी झोप उडाली होती ती एकाच काळजीनं: जंगलात आमची लेक ईरा खाईल काय? लालबागच्या चाळीत बसून आम्ही नवरा-बायको सह्याद्रीत आत कुठंतरी कायमचं राहायला जागा शोधत होतो. वीज नाही, रस्ता नाही. नुसतं धुकं, ओढा आणि आपण पिकवलेला भात. भांडी घासतानाही मला तो ओढा ऐकू यायचा. खरं तर माझ्या हातून तुळससुद्धा जगत नाही.

शेवटी रविवारी तालीम केली. दिवसभर फक्त घरात पिकलेलं खायचं. गॅलरीतल्या कुंडीतली मेथी खुडली, ती शिजून चमचाभर झाली. तेवढ्यात शेजारच्या सावंतकाकू शिंपल्यातल्या तिसऱ्यांच्या कालवणाची वाटी घेऊन दारात.

“नको काकू,” नवरा म्हणाला, “आज आम्ही जंगलात आहोत.”

“असू दे रे, जंगलात बसून खा,” म्हणत काकूंनी वाटी ईराच्या हातात दिली.

मी ईराला समजावलं, “बाळा, तिथं शेजारी नसतात. आपण तिघंच.”

शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हे आमच्या चाळीत पोरांनाही ठाऊक. ईरानं आमच्या चमचाभर मेथीकडं पाहिलं आणि विचारलं, “मग तिथं आपली मेथी कोणाला द्यायची?”